तीस डेसिबल आणि पाच मिनिटं

विजापूरच्या शेरझा बुरुजावरची मुलुख-ए-मैदान तोफ मूळची आपल्याकडची. १५४९ साली ती अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, ओतली गेली. पुढे ती मराठवाड्यातल्या परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये विजापुरात पोचली. बुरुजावर तिच्याजवळ पाण्याचं एक टाकं आहे. बत्ती दिली की गोलंदाज लगोलग त्या टाक्यात बुडी मारायचा, धडाक्याने कान जाऊ नयेत म्हणून, असं तिथे सांगतात. यामागचं भौतिकशास्त्र पक्कं आहे. हवेतून आलेला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आदळला की त्याची ९९.९ टक्के ऊर्जा उलटी फिरते. पाण्यात शिरतो तो हजारातला एक भाग. डेसिबलमध्ये मोजलं तर ही घट तीसची होते. आज छत्रपती संभाजीनगरात, वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीत सेफ्टीच्या सामानाच्या दुकानात इअरप्लग मागितला, तर पाकिटावर पंचवीस-तीसच्या आसपासचाच आकडा छापलेला असतो. ज्या कामाला टाकंभर पाणी लागत होतं, ते बोटाच्या पेराएवढं सिलिकॉन करू पाहतं.

याहून मोठं नवल कानाच्या आत आहे. आतल्या कानात हवा नसते, द्रव असतो. म्हणजे हवेतून आलेला प्रत्येक शब्द त्या द्रवावर आपटून परत फिरायला हवा होता. तो फिरत नाही, कारण मधल्या कानात हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडं आहेत. कानाच्या पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ सुमारे ५५ चौरस मिलिमीटर आणि रिकिबीचा तळ सव्वातीन चौरस मिलिमीटरच्या आसपास. पडद्यावरचा सगळा जोर सतरा पट लहान जागेवर एकवटतो, हाडांच्या तरफेने त्यात आणखी १.३ पट भर पडते आणि दाब बावीस पट होतो. हे झाले २७ डेसिबल. पाण्याच्या पृष्ठभागावर जे हरवायला हवं होतं, ते ही तीन हाडं जवळजवळ सगळं परत मिळवून देतात. त्यांतली रिकीब हे आपल्या शरीरातलं सर्वांत लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचं. शांत रात्री ऐकू येणाऱ्या अगदी बारीक आवाजाला कानाचा पडदा जेवढा हलतो, ते अंतर हायड्रोजनच्या एका अणूच्या व्यासापेक्षाही कमी असतं. हे वाचल्यावर निदान मला तरी माझ्या कानाबद्दल वेगळाच आदर वाटायला लागला.

रिकिबीच्या पलीकडे कॉक्लिया, अडीच वेढ्यांची नळी. उलगडली तर साडेतीन सेंटिमीटर भरेल. तिच्यात केशपेशींच्या रांगा असतात. एका कानात आतल्या रांगेत साडेतीन हजार, बाहेरच्या तीन रांगांत बारा हजार. डोळ्यातल्या प्रकाशग्राही पेशी कोटींत मोजतात, इथे सगळा कारभार साडेपंधरा हजारांवर चालतो. जन्माच्या आधीच त्या तयार होतात आणि मेलेल्या केशपेशीच्या जागी माणसाच्या कानात नवी येत नाही. कोंबडीच्या कानात येते. पक्ष्यांना मिळालेली ही सोय सस्तन प्राण्यांकडे का उरली नाही, यावर जगभरच्या प्रयोगशाळांत काम चालू आहे.

शरीराने संरक्षणाची एक सोय केलेली आहे. मोठा आवाज आला की रिकिबीला जोडलेला एक चिमुकला स्नायू आखडतो आणि हाडांची साखळी ताठ करतो. पण त्याला आखडायला सेकंदाचा काही भाग लागतो, मोठ्या आवाजातसुद्धा पंचवीस-तीस सहस्रांश सेकंद आणि पुरता आखडायला त्याहून जास्त. ढगांच्या गडगडाटाला तो पुरत असेल. पॉवर प्रेसचा ठोका त्याआधीच आत पोचलेला असतो.

पॉवर प्रेसचं नाव काढलं, कारण या शहराचा आवाज तोच आहे. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्यामागे सुटे भाग करणाऱ्या कंपन्यांची रांग लागली. पुढे शेंद्र्याची आणि मग ऑरिकची औद्योगिक वसाहत आली. पत्रा कापणारे, वाकवणारे, ठोकणारे प्रेस, ग्राइंडर, जॉबवरची बर, म्हणजे कडेला राहिलेला धातूचा कीस, आणि ऑइल उडवणाऱ्या एअर गन. यात एअर गनकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, पण कानाजवळ धरलेल्या उघड्या नळीतून सुटणारी हवा प्रेसइतकाच त्रास देऊ शकते. बाटल्या भरणाऱ्या लाइनवर काचेवर काच आपटण्याचा अखंड खणखणाट असतो. रांजणगाव, पंढरपूर, बजाजनगर या वाळूजजवळच्या वस्त्यांमधून रोज तिन्ही पाळ्यांना माणसं या आवाजात शिरतात आणि आठ तासांनी बाहेर येतात. कामावरून घरी आल्यावर टीव्हीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा लागतो आणि सकाळी तोच टीव्ही चालू केला की घरचे दचकतात, हे ज्याच्या घरात घडतं त्याचे कान रोज थोडे दमतायत आणि रात्रीतून थोडे सावरतायत. सावरणं हळूहळू अपुरं पडत जातं. कधी कधी तपासणीत ऐकू येण्याची पातळी पूर्ववत दिसते, पण केशपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले सांधे गेलेले असतात. उंदरांवरच्या प्रयोगात हे २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी दाखवलं.

ही गोष्ट माणसाला नवी नाही. कामगारांच्या आजारांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिणारा इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने अठराव्या शतकाच्या आरंभी व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहून ठेवलंय की दिवसभर ठोकून ठोकून ते बहिरे होतात. आपल्या जुन्या शहरातल्या कासारी बाजाराचं नाव किंवा पुण्याची तांबट आळी आठवली की वाटतं, आपल्याकडेही त्या ठोक्यांनी किती जणांचे कान नेले असतील, त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

आवाज बहिरेपणाची सुरुवात कुठून करतो, तेही पाहण्याजोगं आहे. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची वाट सुमारे अडीच सेंटिमीटरची, एका टोकाला बंद. अशा नळीत साधारण तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप घुमून दहा-पंधरा डेसिबलने वाढतो. बोलणं नीट कळावं म्हणून ही देणगीच आहे. पण कारखान्याचा गोंगाटही तिथेच वाढतो आणि त्याचा घाव थोडा वरच्या पट्टीत, चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या केशपेशींवर पडतो. ऑडिओमेट्रीच्या आलेखावर नेमक्या त्या जागी खड्डा दिसतो आणि कान-नाक-घशाचा डॉक्टर विचारतो, ‘कुठल्या कंपनीत आहात?’ माणूस मात्र म्हणत असतो की मला ऐकू येतं, लोकच पुटपुटतात. त्याचंही खरं असतं. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, त, ठ, च यांना वेगळं करणारा बारीक खरखराट वरच्या पट्टीत असतो, तो जातो. सात म्हणाले की साठ, हे मग चेहरा पाहून ठरवावं लागतं.

आता डेसिबलचा हिशेब, कारण प्लगची निवड सगळी त्यावर उभी आहे. डेसिबलची मोजपट्टी गुणाकाराची आहे. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, दहा वाढले की दहापट, तीस वाढले की हजारपट. व्यवसाय-आरोग्यावर काम करणारी अमेरिकेतली नायॉश ही सरकारी संस्था ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही मर्यादा सांगते. ऊर्जा दुप्पट झाली की वेळ निम्मी करायची. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० ची मर्यादा आली, आणि आवाजाने येणारं बहिरेपण १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत घातलं गेलं. खरं तर आधी आवाजच कमी करायला हवा. प्रेसखाली रबराचे माउंट, भोवती आच्छादन, एअर गनला आवाज कमी करणारा नॉझल. इअरप्लग हा त्यानंतरचा उपाय. पेटीभर प्लग वाटून कुठल्याही कंपनीची जबाबदारी संपत नाही, असं मला ठाम वाटतं. पण उद्या सकाळी सातच्या पाळीला जाणाऱ्या माणसाच्या हातात जे आहे, ते प्लगच आहे.

पाकिटावर दोनपैकी एक आकडा असतो. अमेरिकी पद्धतीचा एनआरआर किंवा युरोपीय पद्धतीचा एसएनआर. एकाच प्लगचा एसएनआर बहुधा एनआरआरपेक्षा थोडा मोठा असतो, म्हणून एकाचा एनआरआर आणि दुसऱ्याचा एसएनआर शेजारी ठेवून तुलना करू नये. भारतीय मानक आयएस ९१६७ पाकिटावर असेल तर चांगलंच. आता हा आकडा येतो कुठून? प्रयोगशाळेत निवांत बसलेल्या माणसांच्या कानांत नीट बसवलेल्या प्लगवरून. प्रत्यक्ष कामगारांच्या कानात तपासलं तेव्हा फार कमी भरलं. इतकं कमी की १९९८ मध्ये नायॉशने सांगितलं, कानावरच्या मफच्या आकड्यातून चौथा हिस्सा वजा करा, फोमच्या प्लगमधून निम्मा, आणि आधीच आकार दिलेल्या, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या प्लगमधून ७० टक्के. पाकिटावर २५ असेल तर हाती साडेसात.

हे वाचून सिलिकॉनचा प्लग वाईट आणि फोमचा चांगला, असं कुणी ठरवेल. तसं नाही. फोम कानात गेल्यावर स्वतः फुगून वाटेचा आकार घेतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समधल्या एका प्रयोगशाळेत रॉस गार्डनर आणि त्यांचे सहकारी ऊर्जा शोषणाऱ्या राळेवर काम करत होते, त्यातून तो जन्मला. पण त्याची आधी बोटांनी वळून बारीक सुरळी करावी लागते, आणि ऑइल-कूलंट लागलेल्या हातांनी वळलेला फोम कानात घालायचा म्हणजे ऑइलच कानात घालायचं. शिवाय तो एक-दोन वापरांत टाकायचा. सिलिकॉनचा प्लग देठाला धरून आत सारता येतो, कानात जाणाऱ्या भागाला बोट लावावं लागत नाही, घरी धुता येतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली मफ घालून घामाघूम होणं, त्यात चष्म्याच्या काड्यांनी मफची गादी उचलली जाणं, हेही टळतं. फक्त त्याची एक अट आहे. तो स्वतः आकार बदलत नाही, म्हणून माप तुम्हाला शोधावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांसाठी व्ही-५१-आर नावाचा असा प्लग बनला, तेव्हा तो मापामापांत यायचा आणि कानाला लावून पाहून दिला जायचा. पुढे ‘एकच माप सगळ्यांना’ आलं आणि ती पद्धत मागे पडली.

कानाची वाट सरळ नसते. तिला दोन वळणं असतात, ती गोल नसून लंबगोल असते, आणि एकाच माणसाच्या दोन कानांत फरक असू शकतो. डाव्याला मोठं माप आणि उजव्याला मध्यम लागलं, तर त्यात वावगं काही नाही. तीन पाकळ्यांचा प्लग घेतला तर आतली पाकळी लहान, बाहेरची मोठी, त्यामुळे बऱ्याच मापांच्या कानांत कुठली तरी पाकळी घट्ट टेकते. बारीक वाटेच्या कानाला मात्र तिसरी पाकळी आत जातच नाही, मग लहान मापाचा किंवा दोन पाकळ्यांचा बघावा. अजून एक गंमत. वाटेची पुढची भिंत जबड्याच्या सांध्याला लागून आहे. तोंड उघडलं की वाट रुंदावते. करंगळी हलकेच कानात ठेवून चावल्यासारखं करा, भिंत सरकताना कळेल. म्हणजे पाळीभर तोंडात सुपारी किंवा तंबाखू असेल, तर प्रत्येक चावण्यासरशी प्लग तसूतसूने सैल होत बाहेर येतो.

घालायची रीत अशी. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि कान वरच्या टोकाला धरून वर-मागे ओढायची. त्याने वाटेचं वळण सरळ होतं. उजव्या हाताने प्लगचा देठ धरून, किंचित फिरवत, आत सारायचा. पहिली पाकळी दुमडून आत जाते तेव्हा बाहेरचा आवाज थोडा दबतो, दुसरीला आणखी, आणि तिसरी टेकली की अचानक सगळं दूर गेल्यासारखं होतं. मग कान सोडायचा. आता तोंड मिटून ‘म्म्म’ असा सूर धरा. तो डोक्याच्या मधोमध, दोन्हीकडे सारखा घुमला पाहिजे. एका बाजूला पातळ वाटला तर त्या बाजूला फट आहे. दुसरी तपासणी प्रेस चालू असताना करायची: दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा आणि सोडा. फारसा फरक जाणवला नाही तर प्लग नीट बसलाय. फरक जाणवला तर काढून पुन्हा बसवा. काढताना प्लगच्या दोरीला हिसका देऊ नका. घट्ट बसलेला प्लग झटक्यात ओढला की आत पोकळी होऊन पडद्यावर ताण येतो. हळूच फिरवून आधी हवा आत जाऊ द्यायची.

आता ज्या हिशेबाने मी हादरून गेले, तो सांगते. समजा तुमचा प्लग खरोखर ३० डेसिबल कमी करतो आणि तुम्ही तो ४८० मिनिटांची अख्खी पाळी घातला. कानात आवाजाच्या ऊर्जेचा हजारावाच भाग गेला. आता समजा त्यातली ४८ मिनिटं तो काढून ठेवला. सुपरवायझर काही सांगत होता, फोन आला, डाय बदलली. त्या ४८ मिनिटांत पाळीच्या एकूण ऊर्जेचा दहावा भाग सरळ आत आला. हजाराव्या भागाची गोष्टच संपली. दिवसाचं संरक्षण १० डेसिबलवर आलं. अर्धी पाळी काढला तर उरतात फक्त तीन, मग प्लग कितीही भारी असो. आणि फक्त पाच मिनिटं? आठ तासांत पाच मिनिटं काढला तर तीसचे उरतात साडेएकोणीसपेक्षाही किंचित कमी. म्हणजे पाळीभर न काढलेला २० डेसिबलचा प्लग, पाच मिनिटांसाठी काढलेल्या ३० च्या प्लगपेक्षा सरस ठरतो!

निवडीचा सगळा विचार इथे उलटतो. दुकानात आपण आपोआप सर्वांत मोठा आकडा मागतो. पण विचारायला हवं ते हे की कुठला प्लग मी काढणार नाही. युरोपात पाळली जाणारी मार्गदर्शिका सांगते की प्लगच्या आत आवाज ७० ते ८० च्या दरम्यान राहावा, ७० च्या खाली गेला तर ते अति झालं. शॉपमध्ये ९७ असेल तर खरोखरचे वीस डेसिबल मिळाले की काम झालं. अति दाबणारा प्लग घातला की फोर्कलिफ्टचा हॉर्न येत नाही, क्रेनची घंटा येत नाही. आणि मुरलेला ऑपरेटर मशीन कानाने चालवतो. ठोका बदलला की त्याला कळतं, डाय सरकली किंवा जॉब तिरका बसला. तो कळेनासा झाला की तो प्लग काढतो, ऐकतो, पुन्हा घालतो, किंवा घालत नाही. ही त्याची बेफिकिरी नाही, कामावरचं प्रेम आहे. त्याला कमी दाबणारा प्लग दिला तर तो काढणार नाही.

‘प्लग घातला की बोललेलं कळत नाही,’ ही दुसरी तक्रार. खूप गोंगाटात उलट घडतं, आणि हे करून पाहण्याजोगं आहे. ज्याचे कान चांगले आहेत त्याला ८५-९० डेसिबलच्या पुढच्या गोंगाटात प्लग घालून शेजारच्याचं बोलणं बहुधा जास्त स्वच्छ कळतं. गोंगाट आणि बोलणं दोन्ही सारखेच उतरतात आणि केशपेशींना पेलेल अशा पातळीत येतात, भर उन्हात गॉगल घातल्यावर रस्ता नीट दिसतो तसं. अडचण अशी की प्लग घातलेला माणूस स्वतः हळू बोलायला लागतो, कारण त्याला स्वतःचा आवाज घुमून मोठा वाटतो. म्हणून दोघांनी मुद्दाम जोर लावून बोलायचं. स्वतःचा आवाज फारच घुमत असेल, तर प्लग पुरेसा आत गेलेला नाही, असं बहुधा समजावं. ज्याला आधीच कमी ऐकू येतं त्याला मात्र हा फायदा मिळत नाही. त्याने घाटी रुग्णालयात किंवा ईएसआयच्या दवाखान्यात कान दाखवून मगच प्रकार ठरवावा.

आवाज १०५ च्या पुढे असेल तर प्लगवर मफ चढवायचा. दोघांच्या आकड्यांची बेरीज होत नाही, वरचे पाच ते दहाच मिळतात. कारण एका मर्यादेनंतर आवाज कवटीच्या हाडांतूनच आत शिरतो आणि त्याला कानातलं काहीही अडवू शकत नाही. कापसाचा बोळा मात्र कुठल्याही आवाजात विसरावा, कोरडा कापूस फार थोडा आवाज अडवतो. बर्लिनच्या माक्स नेगवरने १९०७ मध्ये कापूस आणि मेण यांचे ओह्रोपाक्स नावाचे बोळे काढले. झोपेसाठी तसले मऊ बोळे छान. लग्नसराईत शेजारी मंगल कार्यालय असेल तर उशाशी ठेवावेत. प्रेस शॉपसाठी ते नाहीत. आणि गाणी वाजवणारे ब्लूटूथचे बड म्हणजे इअरप्लग नव्हेत, गोंगाटावर मात करायला माणूस त्यांचा आवाज वाढवतो.

कारखान्याबाहेरही या शहराला प्लगची गरज आहे. राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून विसर्जनाची मिरवणूक निघते, तिच्यातल्या ढोल पथकांत कॉलेजची पोरं-पोरी तासन्‌तास वाजवतात. ताशाच्या काडीचा कडकडाट वादकाच्या कानापासून हातभर अंतरावर असतो. त्यांना साधा प्लग दिला की ती म्हणतात, ताल मेला. बरोबर म्हणतात. साधा प्लग वरच्या पट्ट्या जास्त दाबतो. शिवाय वाट बंद झाली की तीन हजार हर्ट्झवर कान जे घुमवत होता तेही जातं. मग ढोलाचा ‘ठम्’ पोचतो आणि ताशा चिखलातून आल्यासारखा लागतो. यावरची युक्ती मीड किलियन या अमेरिकी अभियंत्याने १९८० च्या दशकात बाजारात आणली. प्लगच्या आत एक बारीक नळी आणि एक पातळ पडदा असा जुळवला, की त्या जोडीचा स्वतःचा नाद कानाच्या वाटेच्या नादाएवढा, तीन हजारांच्या जरा खाली, यावा. कानाने गमावलेली घुमारी प्लग परत देतो आणि सगळ्या पट्ट्या सारख्याच, पंधरा डेसिबलने, खाली उतरतात. संगीत तेच राहतं, फक्त लहान होतं. या तत्त्वाचे तयार आकाराचे, धुऊन वापरायचे ‘म्युझिशियन’ प्लग आता ऑनलाइन मिळतात. पंधराने काय होणार, असं वाटेल. वरचाच हिशेब लावा: तीन डेसिबलला वेळ दुप्पट, तर पंधराला बत्तीसपट. १०० डेसिबलमध्ये पंधरा मिनिटं वाजवायचं, तिथे आठ तास होतात. पथकाच्या वर्गणीतून दरवर्षी नव्या कपड्यांसाठी पैसे निघतात, त्यातून हेही निघावेत.

कान वाहत असेल, दुखत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल तर प्लग घालू नका, तेवढे दिवस मफ घाला. मळ साचलेला असेल तर प्लग तो आत ढकलतो, म्हणून आधी डॉक्टरकडून साफ करून घ्यावा, काडीने कोरू नये. रोज पाळी संपली की प्लग कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, डबीत ठेवा. थिनर, स्पिरिट, डिझेल लावू नका, पाकळ्या कडक होतात. गळ्यात लटकत राहिलेल्या प्लगवर बरचे बारीक कण चिकटतात आणि ते कानात जातात, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो डबीत गेला पाहिजे. पाकळी दुमडून सोडली आणि ती चटकन सरळ झाली नाही, चिकट लागली, कडेला चीर दिसली, की तो बाद. नवा प्लग जुन्याशेजारी ठेवून पाहिला तर आकसलेलं माप डोळ्यांना दिसतं.

आणि वर्षातून एकदा ऑडिओमेट्री. ती पाळी संपल्यावर करून उपयोग नाही, दमलेले कान खोटा आलेख देतात. सुट्टीनंतर, कामावर जाण्याआधी करावी. त्याआधीचे चौदा तास मोठा आवाज नको, मिरवणूकही नको. आलेखावर ४००० च्या खाली दोन्ही कानांचे आकडे पाहा, शेजारच्या ३००० आणि ६००० चेही. मागच्या वर्षीपेक्षा दहाने वाढलेले दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा आणि प्लगचं माप नव्याने घ्या, घालण्याची रीत कुणाकडून तरी समोर उभं राहून तपासून घ्या. अहवालाची प्रत कंपनीकडे मागून घ्यायची, निदान मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. कंत्राटी कामगार दोन वर्षांत तीन कंपन्या बदलतो, प्रत्येक ठिकाणी त्याच्या कानांची नोंद कोऱ्या पानापासून सुरू होते, आणि पहिल्या कंपनीत रुजू होतानाचा आलेख असेल तरच पुढचा खड्डा कुठे पडला ते दाखवता येतं.